गावात चर्चा झाली, पण घरात काही बदललं का? हे मोजतात कसं?

समजा, एका गावात सहा महिन्यांत बारा बैठका झाल्या. विषय नेहमीचे नव्हते. नवरा-बायकोचं नातं, दारू आणि मारहाण, कंडोमचा विषय कुणी काढायचा, एचआयव्हीची चाचणी आधी कुणी करायची. प्रत्येक बैठकीचं रजिस्टर आहे. त्यात सह्या आहेत, अंगठे आहेत. मोबाइलवर काढलेले फोटो आहेत, चहा-बिस्किटांच्या पावत्या आहेत. सहा महिन्यांनी अहवाल जातो: "एकूण उपस्थिती ४३०".

आता हा आकडा जरा उलगडून बघा. ४३० माणसं आली, की तीच पस्तीस-छत्तीस माणसं बारा वेळा आली? त्यात बायका किती? आलेल्या बायकांपैकी बोलल्या किती? आणि सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे, बैठकीतून घरी गेलेल्या बाईला नवऱ्याजवळ कंडोमचा विषय काढता आला का? काढल्यावर काय झालं?

रजिस्टर यातलं काहीच सांगत नाही. म्हणूनच अशा कार्यक्रमांवर देखरेख कशी ठेवायची, हा जगभरात गेली पंचवीस-तीस वर्षं चाललेला वाद आहे. संस्थांच्या भाषेत याला 'एम अँड ई' म्हणतात, म्हणजे देखरेख आणि मूल्यमापन. ऐकायला कंटाळवाणं वाटतं. पण चुकीच्या पद्धतीने केलं तर याच कामामुळे एखाद्या बाईला मार बसू शकतो, आणि नीट केलं नाही तर निरुपयोगी कार्यक्रम वर्षानुवर्षं चालू राहतात.

एचआयव्हीचा आणि नवरा-बायकोच्या भांडणाचा संबंध काय?

सुरुवातीच्या काळात एचआयव्ही रोखण्याचा संदेश सरळ होता: माहिती घ्या, कंडोम वापरा, एकनिष्ठ राहा. पण ही तिन्ही कामं एकट्या बाईच्या हातात नसतात. माहिती तिला असते, कंडोम वापरायचा की नाही हे तो ठरवतो, आणि एकनिष्ठ ती असली तरी तो असेलच असं नाही.

हा नुसता तर्क नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात रेचेल ज्यूक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक तरुण मुलींचा दोन वर्षं पाठपुरावा केला. सुरुवातीला या सगळ्या एचआयव्हीमुक्त होत्या. ज्यांनी जोडीदाराकडून एकापेक्षा जास्त वेळा हिंसा झाल्याचं सांगितलं होतं, त्यांच्यात दर १०० जणींमागे वर्षाला ९.६ जणींना नवी लागण झाली. बाकीच्यांमध्ये हे प्रमाण ५.२ होतं. ज्या नात्यात मुलीच्या शब्दाला फारशी किंमत नव्हती तिथे ८.५, आणि जिथे थोडीफार तरी बरोबरी होती तिथे ५.५. हे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आले.

म्हणजे मारहाण आणि घरातलं असमान वजन, हे विषाणूच्या प्रसाराच्या वाटेत येणारे प्रश्न आहेत. मग नुसतं पत्रक वाटून भागत नाही, लोकांना एकत्र बसवून बोलावं लागतं. याच विचारातून 'सामुदायिक संवाद' या प्रकारचे कार्यक्रम उभे राहिले.

यातला सगळ्यात जुना आणि गाजलेला म्हणजे 'स्टेपिंग स्टोन्स'. एलिस वेलबर्न यांनी तो युगांडातल्या कामातून तयार केला आणि १९९५ साली त्याची पुस्तिका निघाली. त्याची रचना साधी पण हुशार आहे. तरुण मुली, तरुण मुलगे, मोठ्या बायका, मोठे पुरुष असे वेगवेगळे गट आधी आपापले बसतात, खेळ आणि छोट्या नाट्यप्रसंगांतून बोलतात, आणि मग टप्प्याटप्प्याने एकमेकांसमोर येतात. सासूसमोर सून बोलत नाही आणि बापासमोर मुलगा बोलत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरा 'सासा!'. हाही युगांडातलाच, राजधानी कंपालातल्या 'रेझिंग व्हॉइसेस' या संस्थेचा. नाव मराठी कानाला गमतीशीर वाटेल, पण स्वाहिली भाषेत 'सासा' म्हणजे 'आत्ता'. इथे बैठकीची वाट बघत नाहीत. वस्तीतलेच साधे लोक कार्यकर्ते होतात आणि दारात, दुकानात, गॅरेजमध्ये पोस्टर, नाटुकली आणि गप्पांमधून विषय काढतात. सुरुवात 'बाईवर अत्याचार करू नका' अशी होत नाही. 'तुमच्याकडे कोणती सत्ता आहे आणि ती तुम्ही कशी वापरता?' असा प्रश्न असतो.

मग रजिस्टर फेकून द्यायचं का?

नाही. रजिस्टर लागतंच, फक्त त्याला योग्य प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न: कोण आलं नाही? 'सासा!'च्या अभ्यासात कार्यक्रम झालेल्या वस्त्यांतल्या दहापैकी नऊ पुरुषांपर्यंत तो कोणत्या ना कोणत्या रूपात पोचला होता. बायकांमध्ये हे प्रमाण दहापैकी सातच्या आसपास होतं. बायकांसाठी असलेला कार्यक्रम पुरुषांपर्यंत जास्त पोचला! कारण शोधायला लांब जायला नको. चौकात, टपरीवर, बाजारात मोकळे बसलेले असतात पुरुष. बायका त्या वेळी पाणी भरत असतात, स्वयंपाक करत असतात किंवा मजुरीवर असतात. ही गोष्ट कार्यक्रम चालू असतानाच कळली तर वेळ आणि जागा बदलता येते. संपल्यावर कळली तर ती फक्त अहवालातली एक ओळ होते.

दुसरा प्रश्न: किती वेळ? दक्षिण आफ्रिकेत तपासलेला 'स्टेपिंग स्टोन्स' सुमारे ५० तासांचा होता. तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला एचआयव्ही आणि सुरक्षित संबंधांवर फक्त ३ तासांचं एक सत्र दिलं. आपल्याकडे बरेचदा ५० तासांचा आराखडा हातात असतो आणि प्रत्यक्षात महिला दिनाला दोन तासांचं भाषण होतं. पुढे काही बदललं नाही तर दोष 'संवाद' या कल्पनेला दिला जातो. खरं तर संवाद झालेलाच नसतो. म्हणून किती सत्रं ठरली होती, किती झाली, प्रत्येक माणूस त्यातल्या कितींना बसला, ही माणसागणिक नोंद महत्त्वाची. 'एकूण उपस्थिती' या रकान्याला माझ्या मते अहवालातून निवृत्त करायला हरकत नाही.

बोलणं बदललं, हे कसं ओळखायचं?

इथून खरी गंमत सुरू होते. सत्र चालू असताना मागे बसलेली एक व्यक्ती फक्त निरीक्षण करते. कोण बोललं, किती वेळा, कुणाला मध्येच तोडलं, कुणाच्या वाक्यावर हशा पिकला. साध्या कागदावर रेघा मारूनही हे होतं. पहिल्या सत्रात बायकांच्या नावापुढे दोन रेघा आणि आठव्या सत्रात वीस रेघा असतील, तर काहीतरी हललं आहे.

'सासा!'मध्ये यासाठी एक ठरलेला तक्ता असतो. कार्यक्रमाचे चार टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यात वेगळी गोष्ट बघितली जाते: आधी माहिती, मग दृष्टिकोन, मग कौशल्य, मग वागणूक. निरीक्षक लोकांच्या प्रतिक्रियांना विरोधापासून स्वीकारापर्यंत आणि स्वीकारापासून कृतीपर्यंत गुण देतात. एक टप्पा संपला की वस्तीत छोटी, झटपट पाहणी होते आणि मगच पुढे जायचं का ते ठरतं. लोक अजून 'बाईनंच उलट उत्तर दिलं असेल' यावरच अडकलेले असतील, तर त्यांना 'शेजाऱ्याच्या घरातली मारहाण थांबवा' सांगून उपयोग नाही.

लोक कोणते प्रश्न विचारतात याचीही नोंद ठेवावी. 'डास चावल्याने एचआयव्ही होतो का?' हा प्रश्न माहितीचा आहे. (नाही होत.) 'माझे मिस्टर चाचणीला यायला तयार नाहीत, त्यांना कसं सांगू?' हा प्रश्न स्वतःच्या घरातला आहे. पहिल्या प्रकारचे प्रश्न कमी होऊन दुसऱ्या प्रकारचे वाढू लागले, तर चर्चा फळ्यावरून उतरून घरात शिरली आहे असं समजायला जागा आहे.

दृष्टिकोन मोजायचं एक साधन मुंबईशीही जोडलेलं आहे. ब्राझीलच्या रिओ दि जानेरोत तरुण पुरुषांसाठी २४ विधानांची एक प्रश्नावली तयार झाली, तिला 'जेम स्केल' म्हणतात. घर टिकवायचं तर बाईनं मार सहन करावा, मूल होऊ नये याची काळजी बाईनंच घ्यावी, बायकोनं कंडोमचा विषय काढला तर मला संताप येईल, अशा आशयाची ही विधानं असतात. प्रत्येकावर पूर्ण सहमत, थोडा सहमत की असहमत, एवढंच सांगायचं. २००० नंतरच्या दशकात मुंबईतल्या गरीब वस्त्यांतल्या तरुणांसाठी 'यारी-दोस्ती' नावाचा कार्यक्रम झाला. त्यात मुंबईची 'कोरो' ही संस्था होती, आणि हीच प्रश्नावली इथल्या भाषेला व वातावरणाला साजेशी करून वापरली गेली. उत्तर प्रदेशात गोरखपूरच्या ग्रामीण भागातही हा कार्यक्रम झाला.

नुसतं भाषांतर का चालत नाही? कारण ब्राझीलमधला 'मर्दपणा' आणि धारावी-गोवंडीतला 'असली मर्द' सारखे नाहीत. आपल्याकडे बायको, बहीण, गर्लफ्रेंड यांच्याबद्दलचे नियम वेगवेगळे असतात. एकच मुलगा एकीच्या स्वातंत्र्याच्या बाजूने आणि दुसरीच्या विरोधात उत्तर देऊ शकतो. विधानात 'बाई' म्हटलंय की 'बायको', यावर उत्तर फिरतं.

पण लोक 'बरोबर उत्तर' देतात त्याचं काय?

हाच या सगळ्यातला कच्चा दुवा. बारा बैठकांत ज्याने 'बायकोवर हात उचलणं चूक' हे ऐकलं, त्याला तेराव्या दिवशी विचारलं की तो तेच म्हणणार. त्याचं वागणं बदललं असेल, किंवा फक्त त्याला परीक्षेचं उत्तर पाठ झालं असेल. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं.

दोन मोठे अभ्यास शेजारी ठेवले की ही अडचण उघड होते.

पहिला, ईस्टर्न केपमधला 'स्टेपिंग स्टोन्स'. ७० गावं, सुमारे २,८०० तरुण मुलगे-मुली, दोन वर्षं पाठपुरावा. कार्यक्रमात बसलेल्या मुलग्यांमध्ये जोडीदाराला मारहाण केल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं. मुलींच्या सांगण्यात मात्र अपेक्षित बदल दिसला नाही.

दुसरा, युगांडाच्या राकाई भागातला 'शेअर' नावाचा कार्यक्रम, २००५ पासूनचा. इथे उलटं झालं. बायकांनी शारीरिक आणि लैंगिक हिंसा कमी झाल्याचं सांगितलं, पण पुरुषांच्या स्वतःच्या कबुलीत फरक पडला नाही.

मग खरं कोण बोलतंय? घाईने निकाल देता येत नाही. विचारले गेलेले मुलगे आणि मुली हे एकमेकांचे जोडीदार होते असं नाही. काही पुरुषांना कार्यक्रमानंतर 'हीही हिंसाच' हे पहिल्यांदा कळतं आणि ते जास्त प्रामाणिकपणे कबूल करतात, असंही होऊ शकतं. पण देखरेख करणाऱ्यांसाठी धडा स्पष्ट आहे: फक्त कार्यक्रमात बसलेल्या पुरुषांना विचारून 'हिंसा घटली' असा मथळा देऊ नका. बायकांना स्वतंत्र विचारा. जमलं तर कार्यक्रमात न बसलेल्या लोकांनाही विचारा. आणि सुरुवातीची पाहणी कार्यक्रमाच्या आधीच करा, नाहीतर 'आधी कसं होतं' हे आठवणीवर सोडावं लागतं आणि आठवण नेहमी कार्यक्रमाच्या सोयीने वाकते.

तुलनेसाठी वेगळी गावं का लागतात, तेही इथेच समजून घ्या. त्याच दोन वर्षांत जवळच्या सरकारी दवाखान्यात नवीन चाचणी केंद्र सुरू झालं, टीव्हीवर जाहिराती आल्या, दारूचं दुकान बंद झालं. बदल कशामुळे झाला? जिथे कार्यक्रम झाला नाही अशा गावांत तेवढाच बदल दिसला, तर श्रेय आपलं नाही.

सरळ एचआयव्हीच मोजला तर?

मनात पहिला विचार हाच येतो. माणूस खोटं बोलेल, रक्ताची चाचणी बोलणार नाही. 'स्टेपिंग स्टोन्स'च्या अभ्यासात तेच केलं. निकाल २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला आणि अनेकांची निराशा झाली. एचआयव्हीच्या नव्या लागणीत खात्रीने सांगता येईल अशी घट नव्हती. पण जननेंद्रियांच्या हर्पीसची नवी लागण ३३ टक्क्यांनी कमी झाली होती. हर्पीसही लैंगिक संबंधांतूनच पसरतो. तेव्हा काहीतरी वागणूक बदलली होती, हे शरीराने सांगितलं.

राकाईच्या 'शेअर'मध्ये तर एचआयव्हीची नवी लागणच सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळली. मात्र तिथे नुसती चर्चा नव्हती. चाचणीच्या वेळी स्त्रियांशी हिंसेबद्दल वेगळं बोलणं, निकाल नवऱ्याला सुरक्षितपणे कसा सांगायचा याचं समुपदेशन, हेही सोबत होतं.

पण ही पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाही, आणि कारण निव्वळ गणित आहे. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. म्हणजे हजार प्रौढांच्या गावात सरासरी दोघे जण, आणि त्यातही नवी लागण कित्येक वर्षांत एखादी. शून्याचा एक झाला किंवा एकाचा शून्य झाला, तर त्यात आपल्या बैठकांचा हात किती हे कुणीच सांगू शकत नाही. 'आमच्या कार्यक्रमानंतर गावात एकही नवा रुग्ण नाही' अशी पोस्ट दिसली, तर कार्यक्रमाआधी तरी किती होते, हे जरूर विचारा.

म्हणून आपल्याकडे वाटेवरच्या खुणा मोजाव्या लागतात. किती जणांनी स्वतःहून चाचणी केली? गरोदर बायकोच्या चाचणीनंतर किती नवरे आले? 'शेजारी मारहाण चालली असेल तर मी मध्ये पडेन' म्हणणारे वाढले का, आणि खरंच मध्ये पडले का? 'सासा!'च्या कंपालातल्या अभ्यासात याच प्रकारचे निकाल सर्वात ठोस आहेत. बाईला संबंधांना नकार देण्याचा हक्क आहे असं मानणारे स्त्री-पुरुष कार्यक्रमाच्या वस्त्यांत जास्त होते, आणि एकाच काळात इतर संबंध ठेवल्याचं सांगणारे पुरुष २७ टक्के होते. तुलनेच्या वस्त्यांत ते ४५ टक्के होते. शारीरिक मारहाणीत ५२ टक्क्यांची घट दिसली, पण अभ्यासात वस्त्या आठच असल्याने हा आकडा किती पक्का याबद्दल संशोधकांनी स्वतःच सावध शब्द वापरले. सोशल मीडियावर फिरताना तो सावधपणा गळून पडतो आणि ५२ तेवढे उरतात.

विचारण्यानेच घात झाला तर?

हा भाग कृपया सोडून पुढे जाऊ नका, विशेषतः तुम्ही संस्थेत, बचत गटात किंवा कॉलेजच्या प्रकल्पात काम करत असाल तर.

हातात फॉर्म घेऊन एखादी मुलगी दारात येते आणि ओसरीवर बसून विचारते, "तुम्हाला नवरा मारतो का?" आत सासू ऐकते आहे. दहा वर्षांचा मुलगा बाजूला खेळतो आहे. बाई "नाही" म्हणते. फॉर्मवर 'नाही' जातं. रात्री मात्र प्रश्न येतो, "ती पोरगी काय विचारत होती? तू काय सांगितलंस?" आकडाही चुकला आणि बाईही अडचणीत आली.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच यासाठी सुरक्षेचे नियम प्रसिद्ध केले. पाहणीचं नाव 'हिंसा' असं ठेवू नये, स्त्रियांचं आरोग्य असं काहीतरी असावं. एका घरातून एकाच बाईला विचारावं, म्हणजे दुसरीकडून बातमी फुटत नाही. पूर्ण एकांत हवा. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही घरातल्या एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारतात आणि एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून देतात. अनुभवी पाहणी करणाऱ्या बायका एक युक्ती वापरतात: मध्येच कुणी आलं तर लगेच पान उलटून लसीकरण किंवा आहाराचे प्रश्न सुरू करतात.

आणि समजा, बाईने खरं सांगितलं. मग? तुमच्याकडे तिला पाठवायला जागा नसेल तर प्रश्न विचारूच नये, असं मी म्हणेन. समुपदेशक, दवाखाना, संरक्षण अधिकारी, कायदेशीर मदत यांचे पत्ते पाहणीच्या आधी हातात हवेत. मुंबईत महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू केलेलं 'दिलासा' केंद्र हे अशा जागेचं चांगलं उदाहरण आहे. बाई दवाखान्यात आली आहे, एवढंच बाहेरच्याला दिसतं.

एचआयव्हीच्या बाबतीत तर कायदाच आहे. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार व्यक्तीच्या संमतीविना तिची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही, आणि तिची माहिती जपून ठेवणं हे नोंदी ठेवणाऱ्यांचं कर्तव्य आहे. आता विचार करा: गावनिहाय तक्त्यात 'पॉझिटिव्ह: १, स्त्री, वय २६, विधवा' असं लिहिलं तर नाव न लिहिताही अख्ख्या गावाला कळतं. लहान आकडे गावाच्या नावाने छापायचे नसतात, तालुक्याच्या बेरजेत मिसळायचे असतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर हजेरीपटाचे फोटो टाकण्याची सवयही याच कारणाने मोडायला हवी. 'एचआयव्ही बैठक' या मथळ्याखाली बाईची सही दिसली, की पुढची कथा गाव स्वतः रचतं.

तक्रारी वाढल्या म्हणजे कार्यक्रम फसला का?

वर्षभराच्या कामानंतर समुपदेशन केंद्रात मारहाणीच्या तक्रारी दुप्पट झाल्या, असं धरू. वरच्या कार्यालयात कुणीतरी कपाळावर आठ्या घालतं. पण आधी ज्या बायका बोलतच नव्हत्या त्या आता बोलत असतील, तर हा आकडा चांगल्या कामाची खूण असू शकतो. चाचणीचंही तसंच. चाचण्या वाढल्या की सापडणारे रुग्णही काही काळ वाढतात. म्हणून आकडा वर गेला तर चांगलं की वाईट, हे कार्यक्रम सुरू होण्याआधीच कागदावर लिहून ठेवावं. नंतर लिहिलं तर प्रत्येक आकडा यश ठरवता येतो.

दुसरी बाजूही खरी आहे. तक्रारी वाढण्याचं कारण प्रत्यक्ष मारहाण वाढली हेही असू शकतं. बायकोने बैठकीत जायला लागणं, स्वतःचे पैसे मिळवणं याचा काही घरांत सुरुवातीला राग निघतो. दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतात छोट्या कर्जाचे गट आणि लिंगभाव व एचआयव्हीवरची सत्रं एकत्र करून पाहिली. आपल्या बचत गटांसारखीच रचना. त्या अभ्यासात सभासद बायकांवरची जोडीदाराची हिंसा दोन वर्षांत ५५ टक्क्यांनी कमी झाली, हे २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं. वस्तीतल्या एचआयव्हीच्या नव्या लागणीवर मात्र परिणाम दिसला नाही. तिथे चांगलं झालं म्हणून इथे होईलच असं गृहीत न धरता, नुकसान होतंय का याचा रकाना पहिल्या महिन्यापासून हवा. बैठकीला यायची अचानक बंद झालेली बाई ही सुद्धा नोंद आहे. ती का आली नाही हे तिच्या मैत्रिणीला हळूच विचारावं, घरी मोर्चा नेऊ नये.

आकड्यांत न मावणाऱ्या गोष्टींचं काय?

बांगलादेशात १९९० च्या दशकात रिक डेव्हिस यांनी एक पद्धत मांडली. ठरावीक काळाने लोकांना एकच प्रश्न विचारायचा: गेल्या महिन्यात तुमच्या मते सगळ्यात मोठा बदल कोणता झाला? आलेल्या गोष्टी एकत्र वाचायच्या, त्यातली एक निवडायची, आणि ती का निवडली हे लिहायचं. गंमत या 'का' मध्ये आहे. कार्यकर्त्या बायकांना 'नवऱ्याने पोराला आंघोळ घातली' ही गोष्ट मोठी वाटते आणि कार्यालयातल्या साहेबांना 'सरपंचांनी ठराव केला' ही. कोण कशाला बदल समजतं, हे यातून उघडं पडतं.

या पद्धतीचा धोका एकच, सगळ्या गोष्टी गोड निघतात. म्हणून 'बिघडलेलं काय?' या प्रश्नाच्या गोष्टीही मुद्दाम मागाव्या लागतात. आणि गोष्टीतली माणसं ओळखू येणार नाहीत असं लिहावं लागतं.

एक शेवटची बाब वेळेची. कंपालातला 'सासा!' चार वर्षांच्या काळात चालला, पण राजकीय अस्थिरतेमुळे मध्ये काम थांबून प्रत्यक्ष काम २.८ वर्षंच झालं. तरीही बदल दिसायला एवढा काळ लागला. आपल्याकडे अनेक प्रकल्पांची मुदत एक वर्ष असते आणि 'वागणुकीतला बदल' हा रकाना नवव्या महिन्यात भरून मागतात. भरणारी ताई काय करणार? ती भरते. एका वर्षाच्या कामाकडून माहिती आणि थोडाफार दृष्टिकोन एवढंच मागावं, वागणूक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बघावी. आणि जमा झालेले आकडे नावं काढून त्याच गावातल्या लोकांसमोर ठेवावेत. 'पन्नासपैकी अठरा जण म्हणाले की बाईला नकाराचा हक्क नाही' असं फळ्यावर लिहिलं, की पुढची बैठक आपोआप सुरू होते.

एचआयव्ही, चाचणी किंवा उपचारांबद्दल विचारायचं असेल तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची हेल्पलाइन १०९७ आहे. घरात मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१. फोन स्वतःचा नसेल, तर बोलून झाल्यावर नंबर यादीतून पुसायला विसरू नका.